गावगाडा, गिरणी आणि विचार : आर्थिक परिस्थिती समाज कशी घडवते?

चळवळीच्या अभ्यासवर्गात एक वाद हमखास निघतो. एक कार्यकर्ता म्हणतो, आधी पोटाचा प्रश्न सोडवा, जात आपोआप जाईल. दुसरा म्हणतो, हातात पैसा आला तरी जात सुटत नाही, म्हणून आधी जातीवर घाव घाला. दोघांकडेही उदाहरणे असतात आणि वाद तिथेच थांबतो. हा प्रश्न जुना आहे. माणसाचे विचार, धर्म, कायदे आणि रूढी त्याच्या जगण्याच्या साधनांतून तयार होतात की विचारच जगण्याची साधने बदलतात? या लेखात या प्रश्नाची मूळ मांडणी, महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजाच्या इतिहासातून मिळणारे तिचे पुरावे, तिच्या मर्यादा आणि बुद्ध व बाबासाहेब यांची भूमिका क्रमाने पाहू.

मूळ मांडणी : पाया आणि इमला

या विषयाची सर्वात प्रसिद्ध मांडणी कार्ल मार्क्स (१८१८–१८८३) आणि फ्रेडरिक एंगल्स (१८२०–१८९५) यांनी केली. तिला ऐतिहासिक भौतिकवाद म्हणतात. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत मार्क्सने ती थोडक्यात सांगितली. तिचा सारांश असा :

१. जगण्यासाठी माणसाला अन्न, वस्त्र, निवारा लागतो. तो मिळवण्यासाठी माणसे एकत्र येऊन उत्पादन करतात. जमीन, अवजारे, यंत्रे, कौशल्य आणि श्रम या झाल्या उत्पादनशक्ती.

२. उत्पादन करताना माणसामाणसांत काही नाती तयार होतात. जमीन कोणाची, राबणार कोण, आलेल्या पिकातला वाटा कोणाला किती, हे या नात्यांत ठरते. याला उत्पादनसंबंध म्हणतात.

३. हे संबंध म्हणजे समाजाचा पाया. त्यावर कायदा, राज्यसंस्था, धर्म, नीती, साहित्य असा इमला उभा राहतो. ज्यांच्या हाती पाया असतो, त्यांचेच विचार सर्वांचे विचार म्हणून रुजतात.

४. उत्पादनशक्ती पुढे जातात आणि जुने संबंध त्यांना अडवू लागतात, तेव्हा समाजात उलथापालथ होते. पाया हलला की इमलाही हलतो.

या मांडणीचा पुष्कळदा चुकीचा अर्थ लावला जातो. सगळे काही पैशानेच ठरते आणि विचारांना किंमत नाही, असे तिचे सोपे रूप करून सांगितले जाते. एंगल्सने स्वतः १८९० साली जोसेफ ब्लॉख यांना लिहिलेल्या पत्रात याचा खुलासा केला. आर्थिक घटक शेवटी निर्णायक ठरतो, पण तो एकटाच घटक नव्हे. कायदा, धर्म, राजकारण हेही इतिहासाच्या घडणीवर परिणाम करतात, असा त्याचा आशय होता. हा खुलासा लक्षात ठेवून आपण आपल्याच इतिहासाकडे वळू.

महार वतन : भाकरीच्या तुकड्यात बांधलेली गुलामी

आर्थिक व्यवस्था माणसाचे मन कसे घडवते हे समजण्यासाठी महार वतनाइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

गावगाड्यात महार हा वतनदार होता. पाटील आणि कुलकर्णी यांचेही वतनच होते, पण दोन वतनांत जमीनअस्मानाचा फरक होता. पाटलाचे वतन अधिकार देणारे होते, महाराचे वतन राबवून घेणारे होते. सरकारी सारा खजिन्यात पोचवणे, गावोगाव टपाल आणि निरोप नेणे, चावडीवर लोकांना बोलावून आणणे, गावात आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, शिवेची राखण करणे, मयताची खबर परगावी पोचवणे, मेलेली जनावरे ओढून नेणे अशी कामे त्याच्याकडे होती. कामाला वेळेचे बंधन नव्हते. घरातला कर्ता माणूस बाहेर असेल तर बाप, भाऊ किंवा मुलगा यांपैकी कोणीतरी हजर व्हावेच लागे. म्हणजे चाकरी एकाची, बांधले जाई सगळे घर.

मोबदला तीन प्रकारचा होता. पहिला, हाडकी किंवा हाडोळा म्हणून ओळखली जाणारी इनाम जमीन. ती मुळात थोडी, त्यात भाऊबंदकीत तिचे इतके तुकडे झालेले की वाट्याला मूठभर माती यावी. काही ठिकाणी त्यावर जुडी नावाचा कर भरावा लागे. दुसरा, सुगीला खळ्यावर मिळणारे बलुते. तिसरा, घरोघर फिरून मागून आणलेली भाकरी. काही ठिकाणी सरकारकडून किरकोळ रोख रक्कमही मिळे. परंपरेत ज्यांना महारांचे बावन्न हक्क म्हटले जाते, त्यांतले कित्येक हक्क असे मागून मिळणारे होते.

या व्यवस्थेची कळ नीट पाहिली पाहिजे. चाकरी सरकारची, पण पोट गावाच्या हातात. बलुते द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे खळ्याच्या मालकाच्या मर्जीवर. मग त्या मालकाच्या विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क सांगणार कोण? अंगावर नवे धुतलेले कापड घालून त्याच्या वाड्यावरून जाणार कोण? मान वर केली की बलुते बंद होई आणि लगेच उपासमार सुरू होई. लाचारी हा कोणाच्या रक्तातला गुण नव्हता. रोजच्या भाकरीची सोय ज्या पद्धतीने लावली होती, तिच्यातून ती तयार झाली होती.

आणि याच व्यवस्थेने आपले विचारही तयार केले. वतन म्हणजे वाडवडिलांची इस्टेट, ते सोडणे म्हणजे घराण्याची अब्रू घालवणे, असे राबणाऱ्यालाच वाटू लागले. दारिद्र्याला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणणारी शिकवण वर होती आणि ती खरी वाटावी अशी रोजची परिस्थिती खाली होती. पाया आणि इमला एकमेकांना कसे धरून ठेवतात ते इथे दिसते.

बाबासाहेबांनी हे अचूक ओळखले होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुढच्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा आणि ज्याला वतनाच्या चाकरीतून मोकळे व्हायचे आहे त्याला तशी वाट मिळावी, हा त्याचा गाभा होता. तळ्याचे पाणी आणि वतनाची जमीन हे दोन वेगळे लढे नव्हते. पाण्याचा हक्क टिकवायचा तर भाकरीची दोरी दुसऱ्याच्या हातातून सोडवावी लागणार होती. ते विधेयक कायद्यात उतरले नाही. पण प्रश्न सुटला नाही तसा लढाही थांबला नाही; डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे वतनदार महार-मांगांची परिषद भरली तीही वतन जमिनींवरील वाढीव आकारणीच्या विरोधात.

त्याच काळात मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात गावच्या बहिष्काराची सविस्तर नोंद आहे. हक्क मागितला की मजुरी बंद, दुकानातला माल बंद, कुळाची जमीन काढून घेणे, वाट अडवणे अशी ही हत्यारे होती. बहिष्काराचा घाव बसतो तो उपजीविकेवर. ज्याची उपजीविका स्वतंत्र, त्याच्यावर हे हत्यार बोथट ठरते.

लष्कर, रेल्वे, गिरणी : नवी भाकरी, नवा विचार

गावाबाहेर कमाईची वाट उघडली तेव्हा काय झाले, ही या गोष्टीची दुसरी बाजू आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. शिपायाला रोख पगार मिळे, निवृत्तीनंतर पेन्शन मिळे आणि छावणीत त्याची मुले शाळेत जात. बलुत्यावर जगणाऱ्या बापाच्या मुलाला जे कधीच मिळाले नसते ते सुभेदार-हवालदाराच्या मुलाला मिळाले. अस्पृश्यांच्या चळवळीतले सुरुवातीचे बोलणारे आणि लिहिणारे लोक याच थरातून आले. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि त्यांच्या मुलाने पुढे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे.

१८९० नंतरच्या काळात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. त्याबरोबर एका पिढीचा पुढे जाण्याचा रस्ताच बंद झाला. वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारकडे अर्ज केले ते उगाच नव्हे. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनीही कोकणातल्या या लष्करी पिढीची आणि भरतीबंदीने झालेल्या नुकसानीची आठवण करून दिली होती.

लष्कराचा दरवाजा बंद होत असताना दुसरे दरवाजे किलकिले झाले होते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. रेल्वे, गोदी, दारूगोळ्याचे कारखाने, नगरपालिकेची खाती, गिरण्या अशा ठिकाणी गावातून निघालेला माणूस रोख मजुरी मिळवू लागला. त्याच्या पगारातला काही भाग मनीऑर्डरने गावी जाऊ लागला आणि महारवाड्यातले एखादे तरी घर बलुत्यावाचून चालू लागले.

विदर्भाचे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. तिथे वतनाची पकड पश्चिम महाराष्ट्राइतकी घट्ट नव्हती. अनेक महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणत, काहींकडे जमिनी होत्या, काही व्यापारातही होते. गिरणीच्या कापडाने हातमागाचे कंबरडे मोडले तेव्हा विणकर गिरणीत गेले. नागपुरात संघटित कामगारांची मोठी वस्ती तयार झाली, किसन फागू बनसोडे यांच्यासारखे कार्यकर्ते तिथे शाळा आणि वर्तमानपत्रे चालवू लागले, १९२० मध्ये अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी बाबासाहेबांनी नागपूर निवडले ते नागलोकांचा इतिहास सांगून. पण लाखोंचा मेळावा ज्या बळावर उभा राहिला, ती संघटना आणि ती वस्ती या गिरण्यांच्या शहरातच घडत गेली होती, हेही विसरता येत नाही.

पण गिरणीतही जात होती

इथपर्यंतचा इतिहास मार्क्सच्या मांडणीला दुजोरा देतो. पुढचा इतिहास तिची मर्यादा दाखवतो.

यंत्र आले, कारखाना आला, रोख मजुरी आली की जात विरघळेल, अशी अपेक्षा अनेकांची होती. मुंबईच्या गिरण्यांत काय झाले? विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्यांना काम मिळत नसे. कारण धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आपले तोंड लावायला सवर्ण कामगार तयार नव्हते. त्यामुळे अस्पृश्य कामगार कमी पगाराच्या सूतकताई खात्यात अडकून पडला. एकच मालक, एकच भोंगा, एकच शोषण, आणि तरीही कामगारांच्या दोन रांगा.

१९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला : सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी तुम्ही करणार की नाही? कामगार एकजुटीच्या गर्जना करणाऱ्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटला, यातच सगळे आले.

या अनुभवाचा सिद्धान्त त्यांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात मांडला. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी आहे असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, ती श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि या विभागण्यांची वर-खाली अशी उतरंड आहे. समाजवाद्यांना त्यांनी विचारले की, सत्तेचा उगम एकट्या मालमत्तेतच आहे असे तुम्ही कशावरून धरता? धर्म आणि सामाजिक प्रतिष्ठा हेही सत्तेचे उगम आहेत. आपला एक पैसाही नसलेल्या साधू-फकिराच्या शब्दाखातर घरातले किडूकमिडूक विकून यात्रेला जाणारी माणसे या देशात आहेत. आणि आर्थिक क्रांतीसाठी श्रमिकांनी एकत्र यायला हवे, तर जे एकमेकांना शिवतही नाहीत ते एकत्र येतील कसे? म्हणजे इथे जात हा वरचा इमला राहत नाही. कोण कोणते काम करील, कोणाला किती मजुरी मिळेल, कोणाकडे जमीन असेल, हे ती ठरवते. ती पायातच बसलेली आहे.

हा मुद्दा त्यांच्याआधी महात्मा फुले यांनी वेगळ्या पद्धतीने मांडला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि सरकारी साऱ्याचा हिशेब आहे, आणि त्याच्या अज्ञानाचा फायदा घेणाऱ्या भटशाहीचा हिशेबही त्याच पुस्तकात आहे. पुढे कॉम्रेड शरद पाटील (१९२५–२०१४) यांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांची सांगड घालून वर्ग आणि जात यांचा लढा एकत्रच लढला पाहिजे असा आग्रह धरला.

बाबासाहेबांनी आर्थिक प्रश्न कधी बाजूला टाकला, असा याचा अर्थ मात्र नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातली खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कुळांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला, त्यात महार आणि कुणबी एकत्र होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासा केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. या मांडणीत शत्रू दोन आहेत, म्हणून लढाही दुहेरी आहे.

बुद्धकाळ आणि बुद्धवचन

हीच नजर आपण बुद्धकाळाकडेही वळवू शकतो. इ. स. पूर्व सहाव्या-पाचव्या शतकात गंगेच्या खोऱ्यात मोठे बदल होत होते. जंगले तोडून भातशेती वाढत होती, लोखंडी अवजारे वापरात होती, राजगृह, श्रावस्ती, वैशाली, कौशांबी यांसारखी नगरे आणि आहत नाणी पुढे येत होती. लोखंडाचा वाटा किती मोठा याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण शेतीचा वाढावा आणि व्यापार वाढत होता याबद्दल फारसा वाद नाही. अनाथपिंडिकासारखा श्रेष्ठी हा या नव्या जगातला माणूस. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी दाखवून दिले की, यज्ञात जनावरांची होणारी कत्तल या नव्या शेतीप्रधान समाजाला परवडणारी नव्हती. अहिंसेच्या शिकवणीला ऐकणारे कान मिळाले त्यामागे हेही एक कारण होते.

महाराष्ट्रातली लेणीही हेच सांगतात. नाणेघाटाच्या वाटेवरचे जुन्नर, बोरघाटाजवळचे कार्ले ही स्थळे व्यापारी मार्गांना लागून आहेत. तिथल्या शिलालेखांत व्यापारी, कारागीर आणि यवन दात्यांची नावे आढळतात. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात तर भिक्खूंच्या चीवरासाठी विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवलेल्या ३००० कार्षापणांचा हिशेबच कोरलेला आहे. संघाला आधार होता तो कष्टकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या उत्पन्नाचा.

याहून महत्त्वाचे म्हणजे, परिस्थिती आणि नीती यांचे नाते बुद्धाने स्वतः सांगितले आहे. दीघनिकायातील चार सुत्ते कार्यकर्त्यांनी जरूर वाचावीत.

चक्कवत्ति सीहनाद सुत्तात राजा गरिबांना धन देत नाही म्हणून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून खोटे बोलणे अशी साखळी दाखवली आहे. नुसत्या शिक्षेने गुन्हे थांबत नाहीत, हेही त्यात आहे.

कूटदन्त सुत्तात राज्यातली लूटमार थांबवण्यासाठी पुरोहित राजाला सल्ला देतो : शेतकऱ्याला बी-बियाणे आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या.

अग्गञ्ञ सुत्तात शेताच्या वाटण्या, साठेबाजी आणि चोरी यांतून राजसत्तेची गरज कशी निर्माण झाली आणि वर्णभेद व्यवसायांतून कसे आले ते सांगितले आहे. वर्ण ब्रह्मदेवाच्या तोंडातून वा पायांतून आले, या कथेला हे सरळ उत्तर आहे.

सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये दिली आहेत : शक्ती पाहून काम देणे, वेळेवर अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, सुटी देणे.

पण बुद्ध तिथे थांबत नाही. दुःखाचे एक मूळ तृष्णेत आहे आणि ती मनात आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या दृष्टीने एकच आदिकारण शोधणे बरोबर नाही. हे असते म्हणून ते होते, अशी कारणांची गुंफण असते. परिस्थिती मन घडवते आणि मन परिस्थिती घडवते. पाया आणि इमला या रूपकापेक्षा ही दृष्टी आपल्या इतिहासाशी अधिक जुळते.

बाबासाहेबांचा निवाडा

‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात आणि २० नोव्हेंबर १९५६ च्या काठमांडूच्या भाषणात बाबासाहेबांनी दोघांची तुलना केली. मार्क्सच्या विचारातला बराच भाग काळाने खोडून काढला, असे ते म्हणतात. क्रांती अटळ आहे, सर्वहारा अधिकाधिक दरिद्री होतच जाईल, ही भाकिते त्यांना मान्य नव्हती. जे शिल्लक राहते त्याची मात्र ते कदर करतात : तत्त्वज्ञानाचे काम जगाची पुनर्रचना करणे हे आहे, वर्गांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात, खासगी मालमत्तेतून एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख मिळते. त्यांचा विरोध साधनांना होता. हिंसा आणि हुकूमशाही यांनी आणलेली समता टिकत नाही. माणसाचे मन बदलून स्वेच्छेने स्वीकारलेली समता टिकते. बुद्धाचा मार्ग तो.

पण मन बदलण्याची वाट पाहत बसा, असेही ते सांगत नाहीत. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद घटनेतच असावी, असा आराखडा दिला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा विरोध आपण फार काळ चालू ठेवला तर लोकशाहीच धोक्यात येईल.

१९५६ नंतर : विचाराने परिस्थिती बदलली

धम्मदीक्षा हे विचाराने परिस्थितीवर केलेल्या घावाचे मोठे उदाहरण आहे. गावोगावच्या बौद्धांनी मेलेली जनावरे ओढणे आणि येसकरकी सोडली. त्याची किंमत बहिष्काराने मोजली. ज्या गावांत शहरातल्या कमाईचा आधार होता तिथे ही किंमत मोजणे तुलनेने शक्य झाले, पण आधार नसलेल्यांनीही ती मोजली, आणि ही गोष्ट केवळ आर्थिक हिशेबाने समजावून सांगता येत नाही.

पाठोपाठ कायदा आला. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा १९५८ चा मुंबई कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. चाकरी गेली आणि जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून, विक्रीवर निर्बंध ठेवून, जुन्या वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले.

शिक्षणाचा आकडा बोलका आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांच्या पुढे आहे, तर देशातील अनुसूचित जातींची सुमारे ६६ टक्के. महाराष्ट्राची एकूण साक्षरता ८२ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे ज्याला शाळेच्या दाराबाहेर बसवले जात होते तो समाज दोन-तीन पिढ्यांत राज्याच्या सरासरीला येऊन पोचला. यात राखीव जागा, शिष्यवृत्त्या आणि शहरातली नोकरी यांचा वाटा आहेच. पण तीच साधने मिळूनही ती वापरण्याची जिद्द कुठून आली, याचे उत्तर आंबेडकरी विचारातच शोधावे लागते.

आज पाया कुठे हलतो आहे?

ज्या पायावर ही प्रगती उभी राहिली त्याच पायाला आज तडे जात आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि लालबाग-परळच्या वस्त्यांमधली पगाराची शाश्वती गेली. सरकारी खात्यांत कायम पदांऐवजी कंत्राटी भरती आली. राखीव जागा कायम पदाला लागू होते. काम ठेकेदाराकडे गेले की आरक्षण कागदावर राहते आणि पद नाहीसे होते. घटनेतला अधिकार शाबूत, पण तो वापरण्याची जागाच गेली. सफाईच्या कामात जुनी जात आणि नवा ठेका एकत्र आलेले आपण रोज पाहतो.

जमिनीचेही तेच. देशातल्या एकूण कसल्या जाणाऱ्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींच्या ताब्यातले क्षेत्र दहा टक्क्यांहून कमी आहे, तर लोकसंख्येत त्यांचे प्रमाण १६ टक्क्यांच्या पुढे. शहरालगतच्या वतन जमिनींचे भाव वाढले तशा त्या अडल्यानडल्या वारसांकडून साध्या साठेखतावर, मुखत्यारपत्रावर काढून घेण्याचे प्रकारही वाढले. विक्रीवरचे निर्बंध ज्यांच्या संरक्षणासाठी होते त्यांनाच ते माहीत नसतात.

पाया असा हलला की विचारांवरही परिणाम होतो. बेकार तरुणाला कोणाच्या तरी मागे झेंडा घेऊन फिरण्यात रोजगार दिसू लागतो. नोकरीत स्थिरावलेला मध्यमवर्ग वस्तीपासून तुटतो आणि त्याची जयंती वेगळी, वस्तीची जयंती वेगळी होते. याला नुसता स्वार्थ म्हणून शिव्या देऊन भागणार नाही. त्यामागची आर्थिक कारणे समजून घ्यावी लागतील.

कार्यकर्त्यांसाठी काही प्रश्न

आपल्या गावाचा किंवा वस्तीचा अभ्यास करताना पुढील प्रश्न विचारून पाहावेत. आठ-दहा तरुणांचा गट महिन्याभरात एवढी माहिती सहज जमवू शकतो.

१. गावातली जमीन कोणाच्या नावावर आहे? आपल्या समाजाच्या वतन जमिनी किती होत्या, सातबाऱ्यावर आज कोणाची नावे आहेत, फेरफार कधी झाला?

२. वस्तीतली किती कुटुंबे गावातल्याच मालकाच्या मजुरीवर अवलंबून आहेत? उद्या अत्याचाराची फिर्याद द्यावी लागली तर कोणाची मजुरी बंद होईल, आणि त्या घराला आधार कोण देईल?

३. कायम, कंत्राटी आणि रोजंदारीवर काम करणारे किती? कंत्राटी कामगाराला किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का?

४. दहावी-बारावीनंतर शिक्षण सोडलेल्या मुली आणि मुले किती, आणि कारण फी, प्रवास, घरकाम की लग्न?

५. आपल्याच समाजातल्या आणि शेजारच्या इतर कष्टकरी जातींच्या कोणत्या आर्थिक अडचणी सारख्या आहेत? १९३८ मध्ये खोतीच्या प्रश्नावर महार आणि कुणबी एकत्र आले, तसा आज एकत्र आणणारा प्रश्न कोणता?

या उत्तरांवरून कार्यक्रम ठरवला तर सुरुवातीचा वाद बराचसा निकालात निघतो. जिथे बहिष्काराची भीती तोंड बंद करते, तिथे पर्यायी रोजगार हाच स्वाभिमानाचा लढा असतो. जिथे पगार आहे पण मन गुलाम आहे, तिथे धम्म आणि प्रबोधन हाच लढा असतो. बहुतेक ठिकाणी दोन्हींची गरज एकाच वेळी असते. महाडचे तळे आणि वतनाचे विधेयक यांत अंतर अवघ्या एका वर्षाचे होते, हे आपण लक्षात ठेवावे.